एक पुरी दुपार

"गेला," बाबा म्हणाले.

वर गाडीच्या टपावरच्या एसीची घरघर थांबली होती. पंखा फिरत होता, पण त्यातून येणारी हवा आधी कोमट झाली आणि मग चक्क गरम. मी पलंगाच्या कडेला बसून टरबूज खात होते. बाबांनी आजाऱ्याच्या नाकाशी धरावा तसा हात जाळीसमोर धरला आणि खाली घेतला.

"काल बी याच टायमाले गेला."

तेवढ्यात घराच्या स्लॅबवरून आईचा आवाज आला. "बंद पडला का वं तो?"

"पडला," मी आतूनच ओरडून सांगितलं.

"मंग चालू करा न लवकर."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पाह्य. वरून मजा पाहून राह्यली तुही माय."

ही गोष्ट दर्यापूरची, आणि आता बरीच जुनी. अमरावतीला मी शिकवत असे त्या शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली होती, म्हणून मी माहेरी आले होते. येऊन बघते तर आमच्या पोर्चला खेटून एक पांढरी गाडी उभी. बाबांनी जन्मभर एसटी चालवली. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, पारावर पत्ते कुटतात, नाहीतर घरातल्या बायकांना स्वयंपाक शिकवायला लागतात. बाबांनी एक जुनी मिनीबस घेतली. आतल्या सीटा काढल्या, पलंग टाकला, छोटा ओटा केला, मोरी केली, आणि टपावर एसीची मोठी पेटी बसवली. आम्ही तिला घरगाडी म्हणायचो. गल्लीतले लोक तिला इंगळेचं येड म्हणायचे.

हे येड आईसाठी होतं. बाबा असं तोंडानं कबूल करणारे नव्हेत. पण पहिल्याच दिवशी गाडी दाखवताना ते मला एकटीला गाठून म्हणाले, "उभा जिल्हा फिरवला म्या, उजू. लोकाईच्या वराती नेल्या, जत्रा नेल्या. तुही माय तेवढी घरी राह्यली." आणि लगेच मोरीचा नळ सोडून दाखवायला लागले.

बेत असा होता की आधी चिखलदरा, आणि मग मन होईल तिकडे. अडचण एकच होती. मागल्या उन्हाळ्यात आईला ऊन लागलं होतं. एका लग्नात अक्षता टाकता टाकता ती मांडवातच आडवी झाली आणि पुढचे काही दिवस सलाइनवर गेले. त्यामुळे बाबांनी मोठ्या तोऱ्यात गाडी दाखवली तेव्हा तिनं पत्र्यावर हात टेकवला, चटका बसल्यासारखा उचलला आणि म्हणाली, "हा त तवा हाय. एक पुरी दुपार आत थंड राह्यलं त येते मी. नाई त तुमी आन तुमची गाडी."

बाबांना वाटलं, एवढंच ना? आणि इथून तमाशा सुरू झाला.

एसी सकाळी सुरळीत चालायचा. संध्याकाळी असा चालायचा की आम्ही पांघरुणं काढायचो. पण ऊन डोक्यावर आलं की कॉम्प्रेसर मान टाकायचा. अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप सुरू व्हायचा, आणि आता टिकला म्हणावं तर पुन्हा बंद.

बाबांनी मुश्ताकभाईंना बोलावलं. गाडीतली सगळी वायरिंग त्यांनीच केली होती आणि एसीही त्यांनीच बसवला होता. जाडजूड, हसतमुख माणूस. आधी चहा घेतल्याशिवाय ते स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नसत.

"इंगळेसाब, ये करंट का चक्कर है," ते म्हणाले. "दुपारी साऱ्या गावाचे कूलर चालू राह्यते. दाब पडते, मशीन स्वतःले वाचवासाठी बंद होते." त्यांनी स्टॅबिलायझर आणून लावला.

दुसऱ्या दुपारी मशीननं पुन्हा स्वतःला वाचवलं.

मग त्यांनी घरातून गाडीपर्यंत आलेली वायर हातानं चाचपली. गरम लागली. "पतली है," म्हणाले आणि अंगठ्याएवढी जाड वायर ओढली. फरक नाही. जाळीमागचा फिल्टर काढला, तो धुऊन बघितला तर आधीच लख्ख. कॉम्प्रेसरला सुरू करणारा कपॅसिटर बदलला. गॅस तपासला, तो भरपूर. प्रत्येक वेळी मुश्ताकभाईंना वाटायचं, दोन-तीन गोष्टी एकदमच उरकून टाकाव्या. बाबा ऐकायचे नाहीत. वर्कशॉपात त्यांना शिकवलेलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बरं कशानं झालं ते कळत नाही. मुश्ताकभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या बाबांच्या हिशोबानं चाललं त आपण दिवाळीले निघू."

"आणि वरची पेटी?" मी विचारलं. "ती उघडून पाहिली का कोणी?"

"रोज पाह्यतो न," बाबा म्हणाले. आणि ते खरंच पाहत. पहाटे फटफटलं की मागच्या शिडीनं टपावर चढायचे, पेटीचं झाकण काढायचे, आतल्या जाळ्या ब्रशनं झाडायचे. एक काडी नाही, एक पान नाही. दुपारी टपावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. एक तर तो पत्रा भाकरी भाजून निघेल असा तापायचा. आणि दुसरं म्हणजे ते दिवस वाळवणाचे होते.

आईचं वाळवण हे आमच्या घरातलं वेगळंच संस्थान. गहू भिजत घालायचे, त्यांचा चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत कुरडया घालून मोकळं व्हायचं. त्या वर्षी तर तिच्या अंगात आलं होतं. कुरडया, सरगुंडे, मूगवड्या, पापड, एकामागून एक नुसता धडाका. आणि वाळवण पडलं की स्लॅबवर दुसऱ्या कोणी पाय ठेवायचा नाही, हा तिचा कायदा. माती येते, केस पडतात, कोणाचा तरी पाय लागतो. आम्ही लहानपणापासून हा कायदा इतका पाळला की दुपारी स्लॅबकडे मान वर करून बघायचंही कोणाला सुचत नसे. स्लॅबवरून ती फक्त विचारायची, "झाला का चालू?" आणि बाबांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगायची.

"तिले यायचंच नाई," ते एकदा म्हणाले. आम्ही दोघं गाडीच्या पायरीवर बसलो होतो.

"असं काय बोलता बाबा?"

"रोज विचारते का नाई? बंद पडला का, बंद पडला का. कोणाले यायचं असलं त तो असं विचारते का?"

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

शेवटी मुश्ताकभाईंनीच सुचवलं की गाडी एक दिवस त्यांच्या दुकानासमोर लावू. तिथे आणली, वायर जोडली. दुकानासमोर झाडाचं एक पान नाही, ऊन आमच्या घराहून कडक. एसी सुरू केला आणि आम्ही आत बसून राहिलो. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. मुश्ताकभाई आत येऊन चक्क झोपले आणि घोरायला लागले. चार वाजता थंडीनं मीच बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले. पेटी एकदाही थांबली नाही. बाबांचा चेहरा असा फुलला होता की मी त्यांना तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"झाली," ते म्हणाले. "एक पुरी दुपार झाली."

घरी आलो तर आई ओसरीत घुश्श्यात बसलेली.

"गाडी कायले नेली न सांगता?" तिनं पहिला प्रश्न हा विचारला.

"चालला," बाबा म्हणाले. "सकाळपासून चारपर्यंत चालला. एकदाबी बंद नाई पडला."

"तिकडं चालून काय फायदा? इथं चालला पाह्यजे," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी घरी एसी पुन्हा बंद पडला. त्याच वेळेला.

मुश्ताकभाईंनी हात टेकले. "इंगळेसाब, मशीन में कुछ नहीं है. तुमच्या घराची नजर लागली तिले. लिंबू-मिरची बांधा." ते गमतीनं म्हणाले होते, पण बाबा हसले नाहीत. त्यांनी मशीनचा विचार करणंच सोडलं होतं. गाडी बाहेर चालते आणि घरी बंद पडते, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं, आणि त्याचा त्यांनी काय अर्थ लावला ते मला दिसत होतं. संध्याकाळी त्यांनी अकोल्याला फोन केला. तिथला एक नवरा-नवरीला सजवणारा पार्लरवाला कधीपासून ह्या गाडीच्या मागे होता. लग्नाच्या मांडवाबाहेर लावायला त्याला अशीच गाडी हवी होती. बाबांनी त्याला दोनदा नाही म्हटलं होतं. आता म्हणाले, "उद्या या. नेऊन टाका."

"बाबा, एकदा आईला विचारा तरी," मी म्हटलं.

"विचारलं न. गाडी आणली, हे विचारनंच हाय. आनखी कसं विचारतात?"

मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. जन्मभर स्टिअरिंग धरलेला माणूस, त्याला गाडीच्या भाषेशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. मी आईकडे गेले तर ती चिकाच्या पातेल्यात हात घालून बसलेली. म्हणाली, "माह्या डोक्याशी नको बसू आता, चीक फाटन."

दुसऱ्या दिवशी पार्लरवाला यायचा म्हणून बाबा सकाळपासून गाडी पुसत होते. गाडी विकायची तर ती देखणी दिसली पाहिजे, हा त्यांचा स्वभाव. मी आत पलंगावरची चादर घडी करत होते. एसी चालू होता. बाराच्या सुमारास पेटी अडखळली, घरघरली आणि गप्प झाली. त्या शांततेत मला डोक्यावर टपटप आवाज आला. कोणीतरी पत्र्यावर चालत होतं. मग पंखांची फडफड, आणि आईचा आवाज, "हाड, हाड. मेल्या, चोच मारतं का?"

आवाज स्लॅबवरून आला नव्हता. अगदी माझ्या डोक्यावरून आला होता.

मी बाहेर आले, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत मागे मागे गेले आणि धुण्याच्या दगडावर उभी राहिले. तिथून गाडीचा टप दिसला. टपावर आईचं जुनं हिरवं लुगडं अंथरलेलं होतं. नुसतं टपावर नाही, एसीच्या पेटीवरही. पेटीच्या चारी बाजूंनी ते खाली ओढून, कोपऱ्यांवर दगड ठेवून, वाऱ्यानं उडू नये असं पक्कं बसवलेलं. आणि त्यावर कुरडयांच्या रांगाच रांगा.

जन्मात पहिल्यांदा मी आईचा कायदा मोडून दुपारी स्लॅबवर गेले. पोर्चचा स्लॅब आणि गाडीचा टप एकाच उंचीला होते. मधे वीतभर फट. आई स्लॅबवर बसून हात लांब करून टपावरच्या कुरडया उलटत होती.

"आई, हे काय आहे?"

"कुरडया. चप्पल काढ आधी."

"अगं, पण पेटीवर?"

"मंग? कसा झकास गरम वारा येते त्या पेटीतून. स्लॅबवरच्या कुरडयाईले दोन दोन दिवस लागतात, अन ह्या पाह्य, दुपारपर्यंत कडक." तिनं एक मोडून दाखवली. "फक्त मेली ती पेटी मधातच बंद पडते. तुमच्या त्या मुश्ताकले एवढा इलाज सापडून नाई राह्यला?"

मी तिथेच तापलेल्या स्लॅबवर बसले आणि लगेच उठले. हसू असं आलं की बोलता येईना. खालून बाबा विचारत होते, काय झालं, काय झालं. मी फक्त हातानं बोलावलं.

बाबा जिन्यानं वर आले. चप्पल त्यांनी जिन्यातच काढली, तापलेल्या स्लॅबवर अनवाणी उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. मग वाकून लुगड्याचं एक टोक उचललं, पेटीच्या जाळीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. आतली गरम हवा बाहेर पडायला वाटच नव्हती. ती आतल्या आत कोंडायची आणि मशीन जीव वाचवायला थांबायचं. संध्याकाळी आई वाळवण उचलायची, पहाटे बाबा यायचे तेव्हा पेटी उघडी. मधली दुपार आम्ही कोणी कधी पाहिलीच नव्हती.

मला वाटलं, आता बाबा हसतील. ते हसले नाहीत.

"यायचं नोतं त तोंडानं सांगाचं होतं," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "असा खेळ कायले केला?"

आईनं कुरडई हातातच धरली. "कोन म्हणते मले यायचं नाई?"

"मंग हे काय हाय?"

"हे येयासाठीच करून राह्यली न बाप्पा." ती आता चिडली होती. "शुभांगी सकाळी पतसंस्थेत जाते, संध्याकाळी येते. वर्षाचं वाळवण कोन करन तिले? पोराईच्या ताटात काय वाढन ती? असं अर्धवट टाकून मी गाडीत जाऊन बसू? कोनती बाई बसते? म्हनून त पहाटं उठून उठून हात मोडून राह्यली. अन परवा तुमी न सांगता गाडीच घेऊन गेले. त्या दिवशीच्या साऱ्या कुरडया आंबल्या माह्या."

शुभांगी म्हणजे माझी वहिनी. ती आणि दादा दोघंही दिवसभर कामावर. वाळवणाचा विचार त्यांनी स्वप्नातही केला नसेल.

"मंग ती अट कायले घातली?" बाबांनी विचारलं. "पुरी दुपार थंड राह्यली पाह्यजे म्हनून?"

आईनं मान फिरवली. कुरडई पुन्हा लुगड्यावर ठेवली, नीट केली, आणखी एक नीट केली.

"तुमी त दुसऱ्याच दिवशी निघाले असते," ती म्हणाली. "तुमचं काय, चाबी फिरवली का चालले. मले जरा दिवस पाह्यजे होते. म्हटलं मशिनीत तुमचा जीव रमते, रमू द्या. आपलं वाळवण होऊन जाईन. ते बंद पडते ते माह्यामुळं, हे मले काय माहीत?"

बाबांनी मान खाली घातली, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला क्षणभर भीती वाटली. पण ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. आई म्हणाली, "उन्हात उभे नका राहू, लागन," आणि मग तीही हसायला लागली.

तेवढ्यात खाली पार्लरवाल्याची मोटारसायकल आली. बाबांनी वरूनच त्याला सांगितलं, "गाडी देयाची नाई. पण आले त जेवून जा." त्या बिचाऱ्याला आईनं त्याच दिवशीच्या कुरडया तळून वाढल्या. जाताना तो पिशवीभर घेऊनही गेला, त्यामुळे त्याची काही तक्रार राहिली नसावी. मुश्ताकभाईंना मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मतलब भाभींनी माझ्या एसीचा ड्रायर केला."

आईचे गहू अजून उरले होते. बाबांनी पेटीपासून हात-दीड हात अंतरावर स्लॅबवर दोन बाजा टाकून दिल्या. पेटीला श्वास घेता येत होता आणि बाजेवरच्या कुरडयांना गरम वाराही लागत होता. एसी दिवसच्या दिवस चालला. आता दुपारी बाबा स्वतःच खालून ओरडून विचारायचे, "वाळल्या का?"

आठवड्यानं आम्ही निघालो. मी परतवाड्यापर्यंत त्यांच्यासोबत जाणार होते, तिथून मला अमरावतीची बस होती. बाबांनी सकाळीच मागचा जनरेटर चालू करून गाडी आतून गार करून ठेवली होती. पलंगावर आईसाठी नवी चादर, उशाशी पाण्याची बाटली, सगळा थाट. आई पायरी चढली, आत डोकावली, सगळं पाहून "चांगलं हाय" म्हणाली आणि खाली उतरली. मग वळसा घालून पुढे गेली आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. त्या केबिनमध्ये एसीचा वारा येत नव्हता.

"मागं बस न," बाबा म्हणाले. "तुह्यासाठीच केलं सारं."

"बसन. ऊन चढू द्या."

मधलं सरकतं दार लावून घेतलं आणि त्या सगळ्या थाटात मी एकटी आडवी झाले. अंजनगाव मागे पडलं तरी आई मागे आली नाही. ऊन तापायला लागलं होतं. मी दार सरकवून पुढे पाहिलं. खिडक्या उघड्या, गरम वारा भणभणत आत येत होता. आईनं डोक्याला ओलं फडकं बांधलं होतं. आणि बाबा बोलत होते. गाडी चालवताना ज्या माणसाच्या तोंडातून आम्ही कधी ब्र ऐकला नव्हता, तो माणूस इकडे बोट, तिकडे बोट करून सांगत होता. इथं पुरात गाडी अडकली होती. इथं एक बाई बाळंत झाली. ह्या फाट्यावर एक म्हातारा रोज उभा राहायचा, बसायचा मात्र कधीच नाही. आई हुंकार देत ऐकत होती.

"आई, चल ना मागे," मी म्हटलं. "पुन्हा ऊन लागेल."

"थांब वं, येते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग बाबांना, "ते झाड कुठी हाय?"

"कोणतं?"

"तुमी डबा कोनत्या झाडाखाली खात होते? इतके वर्षं पहाटं उठून भाकर बांधून देल्ली. कुठी बसून खातात, काय दिसते तिथून, सावली हाय का नाई, मनात येत राहे. तुमी संध्याकाळी थकून येत. कवा इचारलंच नाई."

बाबा रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. मग त्यांनी वेग कमी केला, रस्त्याच्या कडेला एका चिंचेखाली गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

"हे," ते म्हणाले.

आई उतरली. पदरानं तोंड पुसलं, झाडाभोवती एक फेरी मारली, वर फांद्यांकडे पाहिलं. खाली एक सपाट दगड होता. "यावर बसत?" तिनं विचारलं. बाबांनी मान हलवली. ती त्या दगडावर बसली आणि समोरच्या संत्र्याच्या बागेकडे आणि दूरच्या निळ्या डोंगराकडे किती तरी वेळ बघत राहिली. बाबा तिच्यासमोर उभे होते. नव्या सुनेला घर दाखवून, ती काय म्हणते याची वाट बघत उभं राहावं, तसे.

"सावली चांगली हाय," आई म्हणाली. "आता बरं वाटलं मले."

आणि ती दगडावर थोडी सरकून बसली, बाबांना जागा व्हावी म्हणून.